आईला दाराबाहेर बसवणारे केंद्र नको

प्रश्न : स.न.वि.वि. आम्ही निपाणी तालुक्यातील एका खेड्यात राहतो. माझा मुलगा दोन वर्षे पाच महिन्यांचा आहे. तो दीड वर्षाचा झाल्यावर चालू लागला. ‘मंमं’ हा एकच शब्द तो बोलतो, आणि तोही पाण्यासाठी, जेवणासाठी, कशासाठीही. नावाने हाक मारली तर वळून पाहत नाही, पण आतल्या खोलीत टीव्हीवर जाहिरात लागली की धावत येतो. हवी ती वस्तू बोटाने दाखवत नाही. माझा हात धरून ओढत नेतो. सासूबाई म्हणतात की त्याचे वडीलही तीन वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते. बेळगावातील एका खासगी केंद्राने आठवड्यातून पाच दिवस, रोज पाऊण तास थेरपी सांगितली आहे. वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास सवलत देऊ म्हणतात. तिथे आईने बाहेर थांबायचे असते. दोन भाषांनी मूल गोंधळते, तेव्हा घरात फक्त इंग्रजी बोला, असेही त्यांनी सांगितले. सरकारी दवाखान्यातील केंद्रात पैसे लागत नाहीत, पण महिन्यातून एकदाच तारीख मिळते आणि तिथल्या बाई कन्नड बोलतात. कोल्हापुरात मराठी बोलणाऱ्या एक स्पीच थेरपिस्ट आहेत. माझे मिस्टर कागलच्या एमआयडीसीत कामाला जातात, मी आणि सासूबाई घरी विड्या वळतो. एका खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते. आम्ही कुठे जावे?
— एक आई, निपाणी तालुका

उत्तर : ताई, केंद्र कोणते हे ठरेपर्यंत थांबू नका, याच महिन्यात मुलाची श्रवणचाचणी करून घ्या. जाहिरात लागली की तो धावत येतो, म्हणजे त्याला ऐकू येते, असे घरातील सर्वांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु काही मुलांना जाड, मोठे आवाज ऐकू येतात आणि बोलण्यातील ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखे बारीक आवाज मात्र पोचत नाहीत. अशा मुलाला आपण हाक मारली हे कळते, पण काय म्हटले ते कळत नाही, आणि घरच्यांना तो दुर्लक्ष करतो असे वाटत राहते. लहान मुलांसाठी बेरा नावाची चाचणी असते. मूल झोपलेले असताना डोक्याला तारा चिकटवून, कानात आवाज सोडून, मेंदूपर्यंत तो पोचतो का ते पाहतात. ती दुखत नाही. अडचण असते ती झोपेची. निपाणीहून बेळगावला येताना बसमध्ये मुले गाढ झोपतात आणि दवाखान्यात पोचली की टक्क जागी असतात. त्यासाठी त्या दिवशी त्याला पहाटे उठवा, वाटेत जागे ठेवायला घरातील आणखी कुणाला तरी सोबत घ्या, आणि तारीख घेतानाच झोपेविषयी काय सूचना आहेत ते विचारून ठेवा.

सासूबाईंचे म्हणणे खोटे आहे असे मी म्हणणार नाही. काही मुले खरोखरच उशिरा बोलतात. मात्र केवळ बोलण्यात मागे असलेले मूल खुणांनी सगळे सांगत असते : बोटाने चांदोबा दाखवते, टाटा करते, हाक मारली की वळते, सांगितलेले काम करते. तुमचा मुलगा नावाला वळत नाही आणि बोट दाखवत नाही, म्हणजे येथे प्रश्न शब्दांपुरता नाही. दुसऱ्या माणसाशी देवाणघेवाण करण्याचाही आहे. एक वर्षाच्या आसपास खुणा करणे, सोळा महिन्यांपर्यंत सुटे शब्द आणि दोन वर्षांपर्यंत दोन-दोन शब्द जोडणे, हे साधारण टप्पे धरले जातात, आणि त्या मानाने तो बराच मागे आहे. त्याला नेमके काय आहे हे पत्रावरून सांगणे चुकीचे होईल आणि मी ते सांगणार नाही. बालरोगतज्ज्ञांकडे ऑटिझमची, म्हणजे स्वमग्नतेची, शक्यता चाचपणारी एम-चॅट नावाची वीस प्रश्नांची प्रश्नावली असते. ती १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे आणि तुमच्या मुलाला अजून महिनाभर लागू होते. ती भरून घ्या. तिच्यातून निदान होत नाही, पुढची सविस्तर तपासणी हवी की नको एवढेच कळते. आणि निदानाचा कागद हाती येईपर्यंत थेरपी थांबवण्याचेही कारण नाही. विकासात उशीर आहे एवढे दिसले की काम सुरू करता येते, आणि या वयातील मेंदू शिकण्यास इतका तयार असतो की ‘तीन वर्षांपर्यंत वाट पाहू’ हा सल्ला मी कोणत्याही घराला देत नाही.

आता केंद्राविषयी. खासगी केंद्राचे पाच दिवस, रोज पाऊण तास, म्हणजे आठवड्याला पावणेचार तास झाले. तुमचा मुलगा दिवसाचे साधारण बारा तास जागा असतो असे धरले, तर आठवड्याचे ८४ तास होतात. त्यातले उरलेले ऐंशी तास तो तुमच्याजवळ, सासूबाईंजवळ, अंगणात आणि शेजारच्या मुलांत असतो. त्यामुळे त्या पावणेचार तासांत मुलाकडून काय करून घेतले जाते, याइतकेच त्यातून तुम्ही काय शिकून घरी येता हेही मला महत्त्वाचे वाटते, आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तर अधिकच महत्त्वाचे वाटते. जे केंद्र आईला दाराबाहेर बाकावर बसवून ठेवते, ते तुम्हाला काहीच शिकवू शकत नाही.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. काही वर्षांपूर्वी मी एका आईला अशाच एका केंद्राचे नाव सुचवले होते, कारण तिथे खेळणी भरपूर होती आणि बाई प्रेमळ होत्या. आठ महिन्यांनी ती मुलाला घेऊन आली. केंद्रातील टेबलावर तो मुलगा चित्रे ओळखत होता, रंग लावत होता, ‘दे’ म्हणत होता. घरी मात्र तहान लागली तरी पूर्वीसारखाच किंचाळत होता. त्याने ‘दे’ हा शब्द त्या खोलीपुरता, त्या बाईंपुरता शिकला होता. आईला तो शब्द कसा काढून घ्यायचा हे कुणी दाखवलेच नव्हते, आणि दार बंद असल्यामुळे तिला ते दिसलेही नव्हते. त्या आठ महिन्यांचे मला आजही वाईट वाटते.

चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून एक अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. ऑटिझम असलेल्या ६५ मुलांची कुटुंबे त्यात होती. एका गटातील पालकांना, मुळात थेरपिस्ट नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी, दर पंधरा दिवसांनी एक अशा सहा महिन्यांत बारा बैठकांत शिकवले. पालक मुलाशी खेळत असतानाचे चित्रीकरण करायचे, मग दोघांनी बसून ते पाहायचे आणि मूल कोणत्या क्षणी आपल्याकडे वळले, आपण तेव्हा काय केले, हे हेरायचे, अशी ती पद्धत होती. त्या गटातील पालक मुलाच्या कलाने अधिक बोलू लागले आणि मुलेही स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मुले ‘बरी’ झाली असा त्याचा अर्थ नाही. पण पंधरा दिवसांतून एकदा मिळणारे मार्गदर्शन, घरी नीट वापरले तर, वाया जात नाही एवढे त्यातून नक्की दिसते, आणि मजुरी बुडवून प्रवास करणाऱ्या घरासाठी ही गोष्ट लहान नाही.

घरी वापरायचे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगते. चुरमुरे त्याला आवडत असतील तर ते घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरणीत ठेवा आणि बरणी त्याच्या हाताला येईल अशी खाली ठेवा. तो ती घेऊन तुमच्याकडे येईल, तुमचा हात झाकणावर नेऊन ठेवेल. एरवी आपण लगेच झाकण उघडतो. तसे न करता त्याच्या डोळ्यांच्या उंचीला खाली बसा, बरणी आपल्या चेहऱ्याजवळ धरा आणि मनात पाच अंक मोजेपर्यंत थांबा. त्याने क्षणभर जरी तुमच्याकडे पाहिले, किंवा कसलाही आवाज काढला, तरी लगेच ‘उघड!’ म्हणा, उघडा आणि चार-पाचच चुरमुरे द्या, म्हणजे त्याला पुन्हा यावे लागेल. एका वाटीत असे दहा प्रसंग मिळतात. त्याला रडवायचे मात्र नाही. पाच अंकांनंतरही काही आले नाही तर तुम्हीच ‘उघड’ म्हणून उघडा. अंघोळीचा तांब्या, चपला, ‘भुर्र’ जाण्यासाठी दाराची कडी, सगळीकडे हेच करता येते. विड्या वळताना तुमचे हात अडकलेले असतात हे मला माहीत आहे, म्हणून दिवसभर करा असे मी सांगत नाही. जेवणाच्या दोन वेळा आणि अंघोळ एवढे धरा. सासूबाईंना यात सोबत घ्या. आपडी-थापडीसारखे खेळ आणि मध्येच थांबून मुलाच्या चेहऱ्याकडे पाहणे हे जुन्या बायकांना आपसूक जमते. त्यांना फक्त सांगावे लागते की हेच औषध आहे. टीव्हीविषयी थोडक्यात : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार या वयाला दिवसाकाठी एक तासापेक्षा जास्त पडदा नको, आणि तुमच्या मुलासाठी तर तो जितका कमी होईल तितके बरे, कारण टीव्ही कधी उत्तराची वाट पाहत नाही.

घरात फक्त इंग्रजी बोला, हा सल्ला कृपया मानू नका. दोन भाषा कानावर पडल्याने मुलाचे बोलणे लांबते, याला संशोधनाचा आधार नाही. ऑटिझम किंवा डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या बाबतीतही नाही. आपल्या सीमाभागात तर मूल घरात मराठी, बाजारात कन्नड आणि टीव्हीवर हिंदी ऐकतच मोठे होते. तुम्ही ज्या भाषेत रागावता, लाड करता, अंगाई म्हणता, त्याच भाषेत तुम्ही त्याच्याशी भरपूर आणि मनापासून बोलू शकता. मोडक्या इंग्रजीत आई गप्प होत जाते. सरकारी केंद्रातील बाई कन्नड बोलतात म्हणून ते केंद्र सोडण्याचीही गरज नाही. बेळगावच्या दवाखान्यांत कन्नड बोलणाऱ्यांनाही मराठी बऱ्यापैकी समजते असा माझा अनुभव आहे. तुम्ही एवढे करा : घरात रोज लागणारे वीस-पंचवीस शब्द, ‘मंमं’, ‘भुर्र’, ‘जोजो’, ‘दे’, ‘उघड’, ‘अजून’, ‘नको’ असे, एका कागदावर लिहून त्यांच्याकडे द्या आणि याच शब्दांवर काम करू या असे सांगा. तपासणीचा अहवाल कन्नड किंवा इंग्रजीत मिळाला तर त्यातील प्रत्येक ओळीचा अर्थ समजेपर्यंत तिथून उठू नका. विचारण्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

ही सरकारी केंद्रे, ज्यांना डीईआयसी म्हणतात, २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून जिल्हा पातळीवर उभी राहिली. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, श्रवण आणि वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, दृष्टी तपासणारे, विशेष शिक्षक हे सगळे एका ठिकाणी असावेत, अशी त्यांची रचना आहे. काही वेळा एखादे पद रिकामे असते, तेव्हा आज कोण-कोण आहेत हे आधी विचारून जा. याच कार्यक्रमाचे फिरते वैद्यकीय पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते; तुमच्या अंगणवाडीताईंना मुलाचे नाव आताच सांगून ठेवा.

खासगी केंद्रात जायचे झाले तर थेरपी प्रत्यक्ष कोण देणार, हे विचारा. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते आणि त्यांना नोंदणी क्रमांक असतो. तो मागितल्यावर कुणी रागावले तर तेही एक उत्तरच समजा. पाटीवर तज्ज्ञाचे नाव आणि आत काम करणारी मुलगी नुकतीच लागलेली, असे होऊ शकते. दुसरे म्हणजे, पुढच्या तीन महिन्यांचे उद्दिष्ट लिहून मागा. ‘एकाग्रता वाढवणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते पूर्ण झाले की नाही हे तुम्हाला कधीच ठरवता येणार नाही. ‘जेवताना वाटी पुढे करून आणखी मागेल’ हे उद्दिष्ट आहे. मुलाला दाबून धरणे, मारणे, रडून थकेपर्यंत बसवून ठेवणे हे जिथे दिसेल तिथे दुसऱ्या दिवशी जाऊ नका. सहा महिन्यांत पूर्ण बरा करतो असे सांगणाऱ्याकडे आणि ऑटिझमवर स्टेम सेलचे उपचार विकणाऱ्याकडे मुळीच जाऊ नका. ऑटिझमसाठी तो उपचार मान्यताप्राप्त नाही आणि त्यापायी जमिनी विकलेली घरे मी पाहिली आहेत. वर्षाचे पैसे आगाऊ तर कुठेही भरू नका. मुलाची गरज तीन महिन्यांत बदलते आणि आगाऊ भरलेले पैसे पालकांना चुकीच्या जागी बांधून ठेवतात.

तुमच्या जागी मी असते तर असे केले असते. श्रवणचाचणी आणि पूर्ण तपासणी बेळगावच्या सरकारी केंद्रात, आणि त्यांची महिन्याची तारीख एकदाही न चुकवता. महिलांना मोफत प्रवास देणाऱ्या शक्ती योजनेमुळे कर्नाटकाच्या हद्दीत साध्या सरकारी बसने तुमचे तिकीट लागत नाही. मधल्या काळात पंधरा दिवसांतून एकदा कोल्हापूरच्या बाईंकडे. ते अंतर तुम्हाला बेळगावपेक्षा कमी आहे. पण जाण्याआधी त्यांना फोनवर एकच प्रश्न विचारा : ‘मी आत बसू का, आणि घरी काय करायचे ते माझ्याकडून तिथेच करून घ्याल का?’ उत्तर हो असेल तर जा. शक्य असेल तर एक खेप मिस्टरांच्या सुट्टीच्या दिवशी ठरवा, कारण घरातील दुसऱ्या माणसाने ते डोळ्यांनी पाहिले की सगळा भार तुमच्या एकटीवर राहत नाही. मुलगा तीन वर्षांचा झाला की त्याला अंगणवाडीत पाठवायला सुरुवात करा. त्याला बरोबरीची मुले हवी आहेत. आणि आतापासून एका वहीत टिपत जा, तीन महिन्यांनी ती काढून पाहा : तेव्हा तो किती प्रसंगी आपणहून तुमच्याकडे पाहतो, किती खुणा करतो. काहीच हलले नसेल तर केंद्राशी बोला, पद्धत बदलून घ्या. मला पुन्हा पत्र लिहा.

प्रश्न : माझी नात तीन वर्षांची आहे. जन्मतः ती उशिरा रडली. तिला सेरेब्रल पाल्सी आहे आणि फिजिओथेरपी चालू आहे. केंद्रातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढण्यास सांगतात, पण सून तयार नाही. मोठ्या नातीच्या लग्नात पुढे अडचण येईल, असे तिला वाटते.
— एक आजोबा, खानापूर तालुका

उत्तर : आजोबा, सूनबाईंची भीती मी हलकी मानत नाही. त्यांना दोन गोष्टी शांतपणे सांगा. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे शरीराच्या हालचालींवरचा ताबा बिघडणे, हा प्रकार बहुतेक मुलांत जन्माच्या आगेमागे मेंदूला झालेल्या इजेमुळे होतो आणि सहसा तो घराण्यातून येत नाही. मोठ्या नातीशी त्याचा संबंध लावण्याचे कारण नाही, आणि हवे तर हेच वाक्य तुमच्या डॉक्टरांच्या तोंडून त्यांना ऐकवा. दुसरे, प्रमाणपत्र म्हणजे गावात लावलेली पाटी नव्हे. ते घरातील कपाटात राहते आणि गरजेला बाहेर काढता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि सेरेब्रल पाल्सी त्यांत आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क त्याच कायद्याने मिळतो. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च मिळू शकतो आणि त्यात थेरपीही येते. त्यासाठी मात्र प्रमाणपत्र लागतेच. लहान वयातील प्रमाणपत्र अनेकदा ठरावीक मुदतीचे असते, पुढे फेरतपासणी होते.

अर्जासाठी तुमच्या ग्रामपंचायतीचे व्हीआरडब्ल्यू, म्हणजे ग्राम पुनर्वसन कार्यकर्ते, मदत करतात. जाण्यापूर्वी जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड शोधून त्याच्या प्रती काढून ठेवा आणि नातीच्या नावाचे स्पेलिंग जन्मदाखला व आधार यांवर एकच आहे का, ते पाहा. आपल्याकडे नाव मराठीत सांगितले जाते, कन्नडमध्ये लिहिले जाते आणि तिथून इंग्रजीत येते. त्यात एक अक्षर इकडचे तिकडे होते आणि तेवढ्यासाठी अर्ज परत येतो.